आडव्या रेघा, उभ्या रेघा

बाबालाल खुर्चीत ताठ बसला होता आणि मला तो आडवा दिसत होता.

मी राजवाड्याच्या मागच्या दालनात जमिनीवर उकिडवा बसून यंत्राच्या भिंगाला डोळा लावला होता. आत पत्त्याच्या पानाएवढी नारिंगी चौकट, चौकटीत थरथरणाऱ्या उभ्या रेघा, आणि त्या रेघांमध्ये बाबालालच्या मिशा. पण मिशा उभ्या आणि नाक आडवं. पटका डोक्यावर असायचा तो एका बाजूला गेलेला. मला वाटलं, गडी उन्हानं चक्कर येऊन पडला. मी चित्राची तार सोडवली, टेलिफोनला जोडली आणि बाबालाल बसला होता त्या तळ्यापलीकडच्या बंगल्यावर घंटी दिली.

"बाबालाल, पडलास का रे?"

"न्हाई मास्तर. बसलोय की खुर्चीत. हलू नगं म्हणालासा, म्हून मुंगीसुदिक झाडली न्हाई."

एरवी मी पोट धरून हसलो असतो. त्या दिवशी फोन ठेवला आणि पुन्हा यंत्रापाशी आलो.

मी शंकर आबाजी तारळेकर, मळगी संस्थानच्या वीजघराचा मुख्य. मुख्य म्हणजे काय, तर हाताखाली एकटा बाबालाल मुलाणी, इंजिनवाला. आम्ही दोघं मिळून राजवाड्याला उजेड पुरवायचो, पंखे फिरवायचो, आणि आमच्या राजेसाहेबांनी, दाजीसाहेबांनी, परदेशातून आणलेली नाना यंत्रं चालती ठेवायचो. दाजीसाहेबांना यंत्रांचं भारी वेड. माणूस लाखाचा, पण वेड ते वेड. एका सफरीत त्यांनी लंडनहून दूरचं चित्र दाखवणारी पेटी आणली. पुढच्या सफरीत बर्लिनहून चित्र धाडणारं यंत्र आणलं. दोन्हींवर पितळी पट्टी, दोन्हींवर तीस रेघांचा आकडा कोरलेला. तीस म्हणजे तीस, जुळणारच, असं त्यांनी धरलं आणि मीही धरलं. जुळवून पाहायला सवड कुणाला होती? दोन्ही यंत्रं बिलियर्डच्या खोलीत धूळ खात पडली होती.

सन पस्तीसचा उन्हाळा. दाजीसाहेबांच्या थोरल्या लेकीला देवी निघाल्या.

कमळजाराजे तिचं नाव, घरात कमळू. पाच वर्षांची पोर. वीजघरात यायची, इंजिनाच्या ठोक्यावर उड्या मारायची आणि मला दिवेमास्तर म्हणायची. तिला लस टोचायचं दोनदा ठरलं आणि दोनदा लांबलं. एकदा ताप होता म्हणून आणि एकदा पाहुणे होते म्हणून. पाहुणे! आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

तिला तळ्यापलीकडच्या आमराईतल्या बंगल्यात ठेवली होती. दारावर लिंबाचे डहाळे, खिडक्यांना जाड पडदे, आत फक्त गोदूआक्का. ही राणीसाहेबांची माहेरची दाई. तिच्या तोंडावर देवीचे वण होते, म्हणजे तिला पुन्हा भय नाही. माझ्याही तोंडावर आहेत, बघा, अजून आहेत. म्हणून मला आत जायची मुभा. बाबालालनं नुकतंच टोचून घेतलं होतं, तो बाहेरच्या खोलीपर्यंत.

आणि राणीसाहेबांचे दिवस भरत आले होते. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की या अवस्थेत त्यांनी त्या बंगल्याची पायरी चढली तर आई आणि पोटातलं बाळ दोघंही हाती लागणार नाहीत. राणीसाहेब सुरुवातीला निमूट राहिल्या. राजवाड्यातून बंगल्यापर्यंत टेलिफोनची एकच तार होती, तिच्यावर सकाळ-संध्याकाळ मायलेकी बोलायच्या. कमळू सांगायची, अंगाला खाजतंय, गोदू खाजवू देत नाही. राणीसाहेब गोष्ट सांगायच्या. मी तार तपासायच्या निमित्तानं कधी बंगल्यात, कधी राणीसाहेबांच्या पडद्याबाहेर असायचो, म्हणून दोन्हीकडचं कानावर पडायचं.

मग फोड घशात उतरले आणि कमळूचा आवाज गेला.

गोदूआक्का फोन पोरीच्या कानाला लावून धरायची, राणीसाहेब हाका मारायच्या, पलीकडून काही नाही. एक दिवस असा गेला. दुसऱ्या दिवशी राणीसाहेबांनी फोन खाली ठेवला आणि ताटाला हात लावला नाही. दाजीसाहेब समजावत होते, ते मला दालनाबाहेर ऐकू येत होतं. पोर आहे, बरी आहे, फक्त बोलवत नाही. राणीसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचा एकदम शांत आवाज आला.

"ती गेलीय. माझं बाळंतपण होईतो तुम्ही सगळे मला खेळवणार. उद्या दुपारपर्यंत माझी लेक मला डोळ्यांनी दाखवा. नाहीतर मी उठते आणि चालत जाते. कोण अडवतो बघू."

आणि त्या गेल्या असत्या. त्या घरात मी बारा वर्षं चाकरी केली, त्यांचा शब्द फिरलेला मला ठाऊक नाही.

दाजीसाहेब बाहेर आले ते भिंतीला धरत. म्हणाले, तारळेकर, ती दोन यंत्रं. रातोरात आम्ही पेटी मागच्या दालनात आणि जर्मन यंत्र बंगल्याच्या बाहेरच्या खोलीत मांडलं, आणि सकाळी बाबालालला यंत्रापुढं खुर्चीत बसवून पाहिलं.

त्या यंत्रांची गोष्ट सोपी आहे. पातळ पत्र्याची एक मोठी तबकडी, तिला गोगलगाईच्या पाठीसारखी फिरत गेलेली तीस भोकं. तबकडी गरागरा फिरली की एकेक भोक एकेक रेघ ओढतं, तीस रेघांचं एक चित्र. धाडणारं यंत्र अंधाऱ्या खोलीत माणसाच्या तोंडावर उजेडाचा ठिपका फिरवतं आणि परत आलेला उजेड तारेवर घालतं. बघायची पेटी त्याच रेघा पुन्हा ओढते. दोन्ही तबकड्या एका चालीनं फिरल्या पाहिजेत, एवढंच.

एवढंच, असं मला वाटत होतं. पण जर्मन यंत्र रेघा आडव्या ओढायचं, आपण पाटीवर लिहितो तशा. विलायती पेटी रेघा उभ्या ओढायची, खालून वर. इकडं आडवं लिहिलेलं तिकडं उभं वाचलं जायचं. बाबालाल बसला की निजायचा. या साहेब लोकांचं एकमेकांशी कधी पटलं आहे का? पुढं ऐकलं, लंडनात तर एकाच शहरात चित्र धाडायच्या दोन तऱ्हा, एक आठवडा ही, एक आठवडा ती. तेव्हा कुठलं ठाऊक? मी तिथंच जमिनीवर बसून दोन्ही देशांचा उद्धार केला.

मग सुचलं, अरे, पेटीच आडवी करू. पेटी कुशीवर टाकली की चित्र सरळ होईल. केलं तसं. मोटर तळाच्या फळीवर नुसती बसवलेली होती, पेटी कलंडताच ती लोंबली आणि तबकडी लाकडाला घासली. असा आवाज आला की माझ्या दातांतून कळ गेली. पेटी सरळ करून तबकडी बाहेर काढली, तर कड मुडपलेली. पाटावर ठेवून लाकडी हातोडीनं टिचक्या मारत सरळ केली. अशी तबकडी मळगीत मिळणार नव्हती, मुंबईत मिळणार नव्हती. मोटर नीट आवळायला सुताराला लोखंडी पट्ट्या ठोकाव्या लागल्या असत्या, त्याला दोन दिवस लागले असते, आणि माझ्यापाशी अर्धी सकाळ होती.

दाजीसाहेब येऊन उभे राहिले. मी सगळं सांगितलं. म्हटलं, सरकार, चित्र येईल, पण उभं माणूस आडवं येईल आणि आडवं उभं.

ते हळूच म्हणाले, "कमळू निजून आहे."

"होय, सरकार."

"म्हणजे ती उभी दिसेल."

मी खाली बघितलं. त्यांच्या मनात काय आलं ते मला कळलं होतं.

"तारळेकर, तिला उभी दिसू दे. राणीसाहेबांना काही सांगायचं नाही. लेक उभी राहिलेली बघितली तर त्या जेवतील तरी."

त्या बापाचा मला राग आला नाही. तुम्हालाही आला नसता. डोळ्यांखाली काळं आलेलं, दाढी वाढलेली. मी होय म्हटलं आणि बंगल्याकडं निघालो.

आतला अंधार डोळ्यांत बसायला वेळ लागला. कमळू कुशीवर पडली होती, एक हात गालाखाली. चेहरा ओळखू येत नव्हता, डोळे सुजून मिटले होते. श्वास मात्र चालू होता, घरघर लागलेला. मी हळूच म्हटलं, कमळजाराजे, दिवेमास्तर आलाय. गालाखालची बोटं जराशी हलली. मला तिथं रडायला आलं आणि बाहेरच्या खोलीतलं यंत्र दाराच्या उंबऱ्याशी सरकवायच्या खटपटीत मी तोंड लपवलं.

गोदूआक्का मध्ये उभी राहिली. देवी अंगात असताना तिच्या तोंडावर हे कसलं भूत नाचवणार, असं तिचं म्हणणं. खोलीत फोडणीचा वास चालत नाही, चपलेचा आवाज चालत नाही, आणि हे घरघरणारं धूड? मी म्हटलं, आक्का, राणीसाहेब आज चालत येणार म्हणतात. तिनं पोरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"आई बगनार म्हंतासा? मग घाला उजेड. देवी काय रागवायची न्हाई. ती बी आईच हाय."

पण मी खाट फिरवायला गेलो तेव्हा तिनं खाटेचा खूर धरला. पेटीत डोकं वर दिसायचं तर यंत्रापुढं पोरीचं डोकं उजवीकडं हवं होतं, आणि होतं डावीकडं. खाट फिरवली असती तर पाय दक्षिणेला गेले असते. दक्षिणेला पाय मेलेल्या माणसाचे करतात, ती म्हणाली, आणि मी जिवंत असेतो हे व्हायचं नाही. तिच्यापुढं बोलायची सोय नव्हती. मी आणि बाबालालनं ते दीड माणूस वजनाचं यंत्र उचललं, अनवाणी, श्वास धरून, कुठंही न आपटता खाटेच्या पलीकडं नेलं, आणि आक्कानं पोरीला अलगद त्या कुशीवर वळवलं. बाबालाल आजवर बाहेरच्या खोलीपुढं आला नव्हता. त्या वेळी तो विचारायलाही थांबला नाही.

बाबालालला यंत्रापाशी ठेवून, अंघोळ करून, कपडे बदलून मी राजवाड्यात परतलो तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. राणीसाहेब गोशातल्या, पडदा पाळणाऱ्या. मी त्यांच्या समोर बसायचं नाही, पण तबकडीची चाल सारखी हातानं सांभाळावी लागणार. म्हणून दालनाच्या मधोमध जाड पडदा लावला आणि पडद्याच्या फटीत पेटी जमिनीवरच बसवली. भिंग त्यांच्या बाजूला, मोटर आणि खटका माझ्या बाजूला. मला चित्र दिसणार नव्हतं. त्या सांगतील तसं मी चाल कमी-जास्त करायची.

मी मोटर सुरू केली. तबकडीनं सूर धरला.

पडद्यापलीकडून राणीसाहेब म्हणाल्या, नुसत्या मुंग्या दिसतात. मी चाल वाढवली. आता पट्टे पळतायत. कमी केली. फाटतंय, दोन तुकडे होतायत. माझ्या कपाळाचा घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. तबकडीची मुडपलेली कड दर फेऱ्याला टिक् करत होती. मी मनात म्हणत होतो, बये, घासू नकोस, एवढी एक वेळ घासू नकोस.

"थांबा," राणीसाहेब म्हणाल्या. "हलवू नका."

मी बोट जागच्या जागी धरलं.

पलीकडं त्यांची दासी सगुणा होती, तिनं मान पुढं करून बघितलं असावं. ती ओरडलीच, अगं बाई, कमळजाराजे उभ्या हायेत. दाजीसाहेबही त्याच बाजूला होते. ते घाईघाईनं म्हणाले की होय, गोदूआक्कानं उभी केलीय तिला, अशक्त आहे पण उभी आहे, बघितलंत ना? आवाज बेताचाच होता, पण त्यात इतकी विनवणी होती की मी मान खाली घातली.

तबकडी टिक् टिक् करत राहिली.

"उभी आहे," राणीसाहेब शेवटी म्हणाल्या. "मग तिच्या गालाला उशी लावून कोण उभं आहे?"

मला वाटलं, संपलं सगळं. आता त्या उठणार. आणि खरंच पलीकडं बांगड्या वाजल्या, लुगड्याची सळसळ झाली, सगुणा सावकाश, सावकाश म्हणाली. मी खटक्यावरचा हात काढला नाही. नजर जमिनीला लावून बसलो. पडदा जमिनीपासून वीतभर वर होता, आणि खाली घातलेली माझी नजर नेमकी त्या फटीतून गेली.

राणीसाहेब उठल्या नव्हत्या. त्यांनी लोड ओढून घेतला होता आणि भरल्या दिवसांचं ते पोट सांभाळत त्या हळूहळू कुशीवर आडव्या होत होत्या. डोकं लोडावर टेकलं. एक हात गालाखाली गेला. तोंड भिंगाच्या समोर आलं, आणि उजेडाची नारिंगी झाक त्यांच्या ओल्या गालावर पडली. मी लगेच नजर काढली.

"तारळेकर."

"जी."

"ती निजलीय. हो ना?"

मी दाजीसाहेबांना शब्द दिला होता. पण विचारलं होतं ते आईनं.

"होय, राणीसाहेब. निजलीय."

"आता बरोबर दिसतेय," त्या म्हणाल्या.

मग त्या सांगायला लागल्या, मला की स्वतःला कुणास ठाऊक. श्वास घेतेय. खांदा वर होतोय. बोटं हलली. ही अशीच निजते, पहिल्या दिवसापासून अशीच. तोंड किती सुजलंय हिचं. सगुणा हुंदके देत होती. मला वाटलं, जन्मभर ही तबकडी अशीच फिरवत बसावं.

"तोंड फिरवतेय," राणीसाहेब एकदम म्हणाल्या. "उजेड लागतोय का तिला?"

"डोळे मिटलेलेच आहेत, राणीसाहेब."

"मिटले तरी लागतो. बघा, परत फिरवलं." त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. "बंद करा."

मी ऐकलं तरी हात हलेना. एवढा आटापिटा करून लेक समोर आणली होती. पुन्हा असं जुळेल याची खात्री नव्हती, आणि ते त्यांनाही कळत होतं.

"बंद करा, तारळेकर. तार बोलायला लावा."

मी मोटर थांबवली, तार सोडवून टेलिफोनला जोडली, घंटी दिली. गोदूआक्काला म्हटलं, पोरीच्या कानाला लावून धर. मग फोन पडद्याखालून आत सरकवला.

राणीसाहेब तशाच पडून बोलल्या.

"कमळे, मी बघितलं हं तुला. कुशीवर निजलीस. हात गालाखाली घेतलास. मी पण इथं तशीच निजलेय, तुझ्याकडं तोंड करून. तू बोलू नकोस. मला ठाऊक आहे, तू ऐकतेस. तो उजेड गेला आता. झोप."

मग त्या अंगाई म्हणायला लागल्या आणि मी दालनाबाहेर गेलो.

त्या संध्याकाळी त्या जेवल्या. पुन्हा चित्र मागितलं नाही, चालत जाते म्हणाल्या नाहीत. फोनवर मात्र बोलत राहिल्या, दिवसातून कितीदा तरी, उत्तराची वाट न बघता. त्याच आठवड्यात कमळू गेली. सांगायला दाजीसाहेब स्वतः गेले. राणीसाहेब म्हणाल्या, तिला एकटं वाटलं नसेल. नंतर मुलगा झाला, बाळबाळंतीण सुखरूप राहिली. दाजीसाहेबांनी दोन्ही यंत्रं तळघरात टाकून कुलूप लावलं आणि पुढं एकही यंत्र विकत घेतलं नाही.

संस्थान गेलं, वीजघर सरकारात गेलं, दाजीसाहेबही गेले. किती वर्षं लोटली. मग आमच्या गावापर्यंत टीव्ही आला आणि राजवाड्यावरून मला बोलावणं आलं. पेटी जोडायला दुकानाचा माणूस होताच, पण आईसाहेबांनी, म्हणजे आमच्या राणीसाहेबांनी, तारळेकरच पाहिजेत म्हटलं होतं. पडदा केव्हाच निघाला होता. पांढऱ्या केसांच्या आईसाहेब खुर्चीत बसल्या होत्या आणि जन्मात पहिल्यांदा मी त्यांच्या समोर बसलो. दुकानाच्या माणसानं छपरावरून हाक दिली, चित्र लागलं, कुणी बाई बातम्या वाचत होती.

आईसाहेब बराच वेळ बघत राहिल्या. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तारळेकर, यात निजलेलं माणूस निजलेलंच दिसतं ना?"

"होय, आईसाहेब."

"मग बरं," त्या म्हणाल्या. "मला बसून बघता येईल."